पाकीट आपण उलटं करतोच, पण वाचतो काय?

दुकानात बिस्किटाचं पाकीट हातात आलं की आपल्या घरातल्या बायका ते आधी उलटं करतात. हलालचा शिक्का आहे का, जिलेटिन तर नाही ना, 120 नंबरचा रंग घातलाय का (तो किड्यांपासून बनतो), हे बघायला. मग तारीख, मग किंमत. त्याच्या शेजारीच पोषणाचा तक्ता छापलेला असतो. तिथे मात्र नजर थांबत नाही.

मध्यंतरी आम्ही आठवीच्या मुलांना रिकामी पाकिटं वर्गात आणायला सांगितली. एका क्रीम बिस्किटावर ऊर्जा 480 किलोकॅलरी लिहिलेली. मुलांना वाटलं, अख्ख्या पाकिटाची. ती होती 100 ग्रॅमची आणि पाकीट 150 ग्रॅमचं, म्हणजे झाल्या 720. पुढच्या रकान्यात 'प्रति सर्व्ह'चा छोटा, गोंडस आकडा. सर्व्ह म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबणारं मूल आम्ही तरी अजून पाहिलेलं नाही!

त्यातले टक्केही मोठ्या माणसाच्या हिशेबाने असतात. एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांनुसार दिवसाला 2000 किलोकॅलरी, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम आणि सोडियम 2000 मिलिग्रॅम हे प्रमाण धरलं जातं. पाच वर्षांच्या लेकराची गरज याहून बरीच कमी. शिवाय लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याचं समाधान होतं. मराठी, उर्दू सक्तीची नाही. मग आमच्या मोहल्ल्यातल्या खालाने ते वाचायचं कसं?

याच खालाला पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र लगेच कळतो. तो कुणी शिकवावा लागला नाही. चिलीने 2016 पासून हेच केलं: साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असेल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन. आपल्याकडे 2022 मध्ये ताऱ्यांचा मसुदा आला. आम्हाला तो पटत नाही, कारण साखरेने गेलेले गुण थोडे दाणे, थोडा सुकामेवा घालून परत मिळवता येतात, आणि तारा दिसला की माणूस ते बक्षीसच समजतो. जुलै 2024 मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला एफएसएसएआयने मंजुरी दिली. अक्षर मोठं झालं तरी भागाकार गिऱ्हाइकालाच करायचा. एप्रिल 2025 मध्ये पुढच्या बाजूच्या इशाऱ्याबाबत सुप्रीम कोर्टाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत काम संपवायला सांगितलं, तेव्हा कुठे हा विषय पुन्हा हलला.

तोवर रमजानच्या बाजाराला जाताना, विशेषतः शरबतची बाटली घेताना, 'ॲडेड शुगर' ही एक ओळ तरी शोधा. अख्ख्या पाकिटाचे किंवा बाटलीचे ग्रॅम काढा, 4 ने भागा, साधारण तितके चमचे साखर. आमच्या वर्गातल्या त्या बिस्किटाचे अकरा चमचे निघाले. एका मुलीने वहीत लिहून घेतलं, म्हणाली, "अम्मीला दाखवते, सर. घरात दादीला शुगर आहे."