शब्दविचार : अवडंबर

घरांत नातवाच्या मुंजीचा बेत चालू असतां झालेल्या वादावरून एका वाचक भगिनींनीं पुसलें आहे, "आडंबर आणि अवडंबर हे शब्द एकच कीं निराळे? आणि हौसेस अवडंबर म्हणावें काय?"

शब्द मूळचा एकच. संस्कृतांतील 'आडंबर' मराठींत 'अवडंबर' या रूपानें अधिक रुळला. प्राचीन काळीं आडंबर म्हणजे एक प्रकारचा नगारा. तो वाजविणाऱ्याचा उल्लेख शुक्ल यजुर्वेदांत आहे. अमरकोशांत वाद्यांचा घोष व हत्तीची गर्जना असे त्याचे अर्थ दिले आहेत. नगारा आंतून पोकळ, म्हणूनच घुमतो. पुढील अर्थ कसा आला असावा, हें यावरून ध्यानांत येईल.

ढोंगांत नसलेली वस्तु भासवितात. दंभांत थोरवीचा आव असतो. थाट प्रसंगास शोभतो. अवडंबरांत वस्तु असते, पण घोष तिच्याहून फार मोठा. मुंजींत गायत्रीचा उपदेश हें मुख्य कर्म. बँडाच्या गलबल्यांत तो बटूसच ऐकूं आला नाहीं, तर तें अवडंबर. चार पानें अधिक वाढलीं, तर ती हौस.

आपल्या पुण्यांतलेंच उदाहरण पाहा. गोपाळ गणेश आगरकर हयात असतां विरोधकांनीं त्यांची प्रेतयात्रा मिरविली. १८९५ सालीं ते खरोखर वारले, तेव्हां अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं पुडींत बांधून ठेवलेले आढळले, असें सांगतात. ती मिरवणूक अवडंबर. या पुडीस तो शब्द लागणार नाहीं.

शब्दांचेंही अवडंबर असतें. बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं गौडांच्या लेखनाचें लक्षण 'अक्षरडंबर' असें सांगितलें आहे. हें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें, आणि निबंध तपासतांना गुण मात्र लांबलचक समासांना दिले. 'माझी आई' या विषयावर एका मुलानें सहाच साधीं वाक्यें लिहिलीं होतीं. आई अंथरुणास खिळली असून सकाळचा स्वयंपाक आपण करितों, एवढेंच त्यांत होतें. 'भाषा बाळबोध' असा शेरा मारून मीं त्यास काठावर उत्तीर्ण केलें. समासांनीं भरलेला एकही निबंध आज मला आठवत नाहीं. तीं सहा वाक्यें आठवतात.

तेव्हां भगिनींनीं मंत्र बटूच्या कानीं नीट पडेल एवढ्या शांततेची तजवीज आधीं करावी. मग हौस खुशाल करावी.