बोधिधर्माच्या नावावर

'कुंग-फू ही भारताने चीनला दिलेली देणगी आहे' हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा कानांवर पडले आहे, की त्याचा पुरावा मागणे आता अरसिकपणाचे मानले जाते. कांचीचा एक राजपुत्र भिक्खू होतो, समुद्रमार्गे चीनला जातो, शाओलिन विहारातील भिक्खू ध्यानाच्या वेळी पेंगताना पाहतो, आणि त्यांना हातापायांच्या हालचाली शिकवतो. त्यातून जगातील यच्चयावत युद्धकला जन्मास येतात. २०११ साली '७आम अरिवु' या तमिळ चित्रपटाने ही कथा पडद्यावर आणली आणि तिला आणखी बळ मिळाले. कथा सुरेख आहे. लोक ती सांगतात याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ती इतिहास म्हणून स्वीकारावी, आणि पुढे तिच्या पायावर 'युद्धकला म्हणजेच ध्यान' असा तत्त्वज्ञानाचा इमला रचावा, याबद्दल. संहिता कशी वाचावी हे शिकवणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी निदान येथे तरी संहिता पाहावी.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख लोयांगच्या विहारांचे वर्णन करणाऱ्या, सहाव्या शतकाच्या मध्यास यांग श्वानझीने लिहिलेल्या ग्रंथात सापडतो. त्यात तो पश्चिमेकडून आलेला, इराणी वंशाचा, स्वतःचे वय दीडशे वर्षे सांगणारा भिक्खू आहे. एका भव्य स्तूपाकडे पाहून तो थक्क होतो, एवढेच त्याचे काम. सातव्या शतकातला चरित्रकार दाओश्वान त्याला दक्षिण भारतीय ब्राह्मण म्हणतो. या दोघांपैकी कोणीही त्याच्या हाती काठी देत नाही किंवा त्याला मूठ वळायला लावत नाही. शाओलिनशी त्याचे नाव जोडले गेले तेही नंतर.

मग युद्धकला त्याच्या नावावर चढली केव्हा? 'यीजिन जिंग' हे स्नायूंना बळकटी आणण्याच्या व्यायामांचे पुस्तक १६२४च्या सुमारास अवतरले, आणि त्याने आपले कर्तृत्व बोधिधर्माला बहाल केले. म्हणजे बोधिधर्मानंतर अकराशे वर्षांनी. पुस्तकाचा खरा कर्ता दाओपंथी टोपणनाव धारण करतो आणि त्यातले व्यायामही दाओपंथी शरीरसाधनेच्या परंपरेतले आहेत. ग्रंथाला प्राचीनत्व देण्यासाठी दोन प्रस्तावना जोडलेल्या आहेत: एक तांग काळातील सेनापती ली जिंगच्या नावे, दुसरी सुंग काळातील सेनानी न्यू गाव याच्या नावे. दोन्ही बनावट. पहिलीत हस्तलिखिताच्या प्रवासाची जी परंपरा दिली आहे तिच्यात 'कुरळ्या दाढीचा वीर' येतो. हा वीर तांगकालीन अद्भुतकथेतले एक पात्र आहे! एखाद्या मराठी पोथीची गुरुपरंपरा देताना मध्येच 'मुक्तामाले'तल्या नायकाचे नाव यावे, त्यातला हा प्रकार. अठराव्या शतकातील चिनी पंडित लिंग तिंगकान याला ही लबाडी कळली होती. कर्त्याची संभावना त्याने अडाणी गावठी गुरुजी अशी केली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लिऊ अ याच्या 'लाओ त्सानचा प्रवास' या कादंबरीने कथेला नवा वाचकवर्ग मिळवून दिला, आणि १९३०मध्ये तांग हाव या अभ्यासकाने तिचे सप्रमाण खंडन केले. म्हणजे हे खंडनसुद्धा आता शंभरीकडे झुकले आहे. चिनी अभ्यासकांना जी गोष्ट तेव्हा कळली, ती आपल्याला अजून कळू नये, याला राष्ट्रभक्ती म्हणायचे असेल तर म्हणावे.

यातला खरा विनोद वेगळाच आहे. शाओलिन विहार स्थापन झाला तो पाचव्या शतकाच्या अखेरीस, उत्तर वेई घराण्याच्या श्याओवन सम्राटाने एका भारतीय भिक्खूसाठी, आणि हा दुवा कागदोपत्री टिकणारा आहे. चिनी साधने त्या भिक्खूला बातुओ म्हणतात. भारताला श्रेय हवेच असेल तर ते येथे तयार आहे. पण बातुओचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. तो ध्यान शिकवणारा होता. उड्या मारणारा नव्हता. श्रेय घ्यायचे तेही फक्त हाणामारीचे, असा हा हट्ट.

शाओलिनचे भिक्खू लढत नव्हते असे मला म्हणायचे नाही. ते लढत होते; त्याचा शिलालेख आहे. तांग राजवटीची घडी बसत असताना, ६२१ साली, लोयांगमध्ये ठाण मांडून बसलेल्या वांग शिचोंगविरुद्ध शाओलिनच्या भिक्खूंनी ली शिमिनला मदत केली आणि शत्रूच्या पुतण्याला पकडून दिले. पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनचे आभारपत्र ७२८च्या शिळेवर कोरलेले आहे. तेरा भिक्खूंची नावेही तेथे आहेत. पण लढाई कशावरून झाली? विहाराच्या मालकीची एक दरीतली जमीन वांगच्या सैन्याने बळकावली होती, त्यावरून. विजयानंतर विहाराला जमीन मिळाली. श्रीमंत संस्था, तिची शेते, तिच्या गिरण्या, अराजकाचा काळ, दरोडेखोरांची भीती: या सगळ्यातून राखणदारी जन्मते आणि राखणदारीतून काठी. त्या शिलालेखात ध्यान आणि प्रहार यांच्या एकरूपतेविषयी अवाक्षर नाही.

काठीचे शास्त्र झाले ते पुढे, मिंग काळात. १५५३मध्ये किनारपट्टीवरच्या चाच्यांशी हे भिक्खू लढले. सतराव्या शतकाच्या आरंभी चेंग झोंगयू याने शाओलिनच्या काठीवर पुस्तक लिहिले. तो स्वतः तेथे दहा वर्षांहून अधिक काळ शिकला होता. काठीचा आद्यगुरू म्हणून तो कोणाचे नाव सांगतो? किन्नराचे. होय, आपल्या यक्ष-गंधर्व-किन्नरांमधल्या किन्नराचे. विहारात राबणारा एक सामान्य सेवक, दरोडेखोर चालून येताच देवतारूप प्रकट करतो आणि काठीने त्यांना पळवून लावतो, अशी ती कथा. बोधिधर्म तेथे अजून नाही. मेइर शहार यांनी २००८च्या आपल्या शाओलिनवरील ग्रंथात दाखवले आहे, की हातघाईची लढाई आणि श्वास व मन यांची साधना यांचा मेळ बसला तो मिंग-छिंग संधिकालात, दाओपंथी व्यायामांच्या मिश्रणातून. हा मेळ खरा आहे, त्याचा अनुभव घेणारेही खोटे नाहीत. मात्र तो सतराव्या शतकातला आहे आणि त्याचे बरेचसे साहित्य बौद्धेतर आहे.

आता मूळ त्रिपिटकाकडे येऊ. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, श्रमण गोतम कोणकोणते खेळतमाशे पाहत नाही याची यादी आहे. दंडयुद्ध, मुष्टियुद्ध आणि कुस्ती तिन्ही तिच्यात आहेत. विनयात किटागिरीच्या उनाड भिक्खूंचे प्रकरण येते. ते फुलझाडे लावतात, नाचतात, फासे खेळतात, आणि कुस्त्या करतात, एकमेकांशी मुष्टियुद्ध खेळतात. संघ त्यांना तेथून हाकलून देण्याची कारवाई करतो. म्हणजे बौद्ध वाङ्मयात ठोसे लगावणारा भिक्खू सापडतो तो गुरू म्हणून नव्हे, आरोपी म्हणून. शस्त्रांचा व्यापार उपासकालाही वर्ज्य. युद्धासाठी निघालेली सेना पाहायला जाणे भिक्खूला वर्ज्य.

आणि संयुत्तनिकायात योधाजीव गामणी आहे. या अवघ्या दीड-दोन पानांच्या सुत्तावर मराठीत स्वतंत्र निबंध व्हायला हवा. शस्त्रावर उपजीविका करणारा हा मनुष्य बुद्धाला विचारतो: आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले, की रणात लढता लढता मारला गेलेला योद्धा देवलोकी जातो, भगवानांचे मत काय? बुद्ध म्हणतो, हे मला विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर बुद्ध सांगतो: लढणाऱ्याचे चित्त आधीच हीन झालेले असते, समोरचे मरावेत अशी इच्छा त्यात असते; तशा चित्ताने मरणारा नरकात जातो. योद्धा रडू लागतो. यासाठीच मी नको म्हणत होतो, असे बुद्ध म्हणतो. त्यावर योद्ध्याचे उत्तर असे, की भगवान जे बोलले त्यासाठी मी रडत नाही. आमच्या आचार्यांनी इतका काळ आम्हाला फसवले, म्हणून रडतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मारल्या गेलेल्या योद्ध्याला स्वर्गाचे आश्वासन आहे. त्या पार्श्वभूमीवर हे रडणे वाचावे. आणि मग 'महावंसा'चा पंचविसावा अध्याय काढावा. तेथेही विजयानंतर व्याकूळ झालेला योद्धा आहे, सिंहलद्वीपाचा राजा दुट्ठगामणी. इतकी माणसे मारली, आता मला शांती कोठली, असे तो म्हणतो. आठ अर्हत आकाशमार्गाने येऊन त्याचे सांत्वन करतात: राजा, तुझ्या हातून फक्त दीड माणूस मेला, एक त्रिशरण घेतलेला आणि दुसरा पंचशील घेतलेला, बाकीचे पशुवत. एकाच पाली भाषेत, एकाच थेरवादी परंपरेने जपलेल्या या दोन संहिता आहेत. मधल्या काळात धम्माला राज्य मिळाले होते. दीड माणसाचा हा हिशेब ज्याला अंगावर काटा न येता वाचता येतो, त्याच्याशी मला पुढे बोलायचे नाही.

जपानकडे वळताना हा हिशेब लक्षात ठेवावा. सतराव्या शतकात ताकुआन सोहो या झेन भिक्खूने तलवारबाज याग्यू मुनेनोरीला लिहिलेले पत्र अभिजात मानले जाते, आणि ते आहेच: मन कोठेही अडकू न देण्याविषयी त्याने जे लिहिले ते कोणत्याही साधकाने वाचावे. मात्र तलवारही शून्य, मारणारा शून्य, मरणाराही शून्य, हा विचारही त्याच्याच नावे येतो. विसाव्या शतकात दाइसेत्सू सुझुकींनी तो जगाला इंग्रजीत विकला. १९३८च्या त्यांच्या ग्रंथात तलवारबाजाला मारण्याची इच्छाच नसते. शत्रू स्वतःच समोर येऊन बळी ठरतो. १९३८ साली जपानी सैन्य चीनमध्ये काय करत होते हे वाचकाला सांगण्याची गरज नसावी. ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या १९९७च्या 'झेन अॅट वॉर' या पुस्तकात विहारांनी युद्धाला दिलेल्या आशीर्वादांची जंत्री आहे. सोतो पंथाने १९९२मध्ये, म्हणजे त्या पुस्तकापूर्वीच, जाहीर माफी मागितली. मागाहून रिन्झाई पंथाच्या म्योशिनजी शाखेनेही २००१मध्ये मागितली. ज्यांनी पाप केले त्यांनी ते कबूल केले. आपण मात्र अजून त्यांच्या जुन्या जाहिराती भक्तिभावाने वाचतो आहोत.

त्या जाहिरातींतली सर्वांत यशस्वी म्हणजे ऑयगेन हेरिगेलचे धनुर्विद्येवरचे पुस्तक (१९४८). मराठी ललित गद्यात 'बाण आपोआप सुटतो' ही कल्पना जिथेतिथे भेटते, ती येथून आली. क्योटोचे अभ्यासक यामादा शोजी यांनी २००१मध्ये या पुस्तकाची जी चिकित्सा केली ती शोधनिबंध कसा असावा याचा नमुना आहे. हेरिगेलचे गुरू आवा केन्झो हे झेनसाधक नव्हते. त्यांनी स्वतःचाच एक पंथ काढला होता. हेरिगेलला जपानी जेमतेम येई. ज्या दोन प्रसंगांवर पुस्तकाचा सगळा गूढभार आहे, त्या दोन्ही वेळी दुभाषा हजर नव्हता. अंधारात दुसऱ्या बाणाने पहिला बाण चिरला गेला, तो निव्वळ योगायोग होता असे आवा यांनी आपल्या एका शिष्याला सांगितले होते. आणि 'ते' बाण सोडते या सुप्रसिद्ध वाक्यामागे गुरूने एखादा फटका साधल्यावर काढलेला 'हां, जमलं!' असा साधा उद्गार असावा, असा यामादांचा तर्क आहे. अख्खे गूढवादी वाङ्मय एका सर्वनामावर उभे! याच हेरिगेलने १९३७मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले, हे मलपृष्ठावर कोणी छापत नाही.

कोणी विचारेल, मग धम्मात स्वसंरक्षण नाही काय? दुबळ्याने मार खातच राहावे? हा प्रश्न महाराष्ट्रात पोकळ नाही. २०११च्या जनगणनेनुसार भारतातील तीन-चतुर्थांशाहून अधिक बौद्ध येथे राहतात, आणि मार म्हणजे काय हे त्यांच्या इतिहासाला ठाऊक आहे. उत्तरही येथेच आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये डॉ. आंबेडकर मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात. भेद करणारा माणूस निवाडा करतो, आणि निवाड्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. चेतना म्हणजेच कर्म, या जुन्या सूत्राशी ते सुसंगत आहे. सुझुकी नेमकी चेतनाच पुसून टाकतात; मग कर्ता उरत नाही, अपराधही उरत नाही. त्याच ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायला नकार दिल्यामुळे. आपल्या शेजारच्या विहारात हे पुस्तक वाचले जात असताना ज्या मराठी निबंधकाराला बुद्ध शोधायला हेरिगेलकडे जावे लागते, त्याची अडचण ज्ञानाची नाही, जातीची आहे, असे मला स्पष्टच वाटते.

कराटेच्या वर्गात मुले वाकून नमस्कार करतात, सराव संपला की डोळे मिटून बसतात, त्यांना शिस्त लागते, भीती कमी होते. मुली शिकतात हे तर फारच चांगले. याला धम्माचे प्रमाणपत्र लागत नाही. आपल्या तालमींना कोठे लागत होते? भिंतीवर बोधिधर्माचे चित्रही खुशाल असू द्यावे. फक्त त्याच्याखाली '१६२४' एवढा आकडा घालावा.