गटाचा वेग कोणी ठरवावा?

पुण्याहून पहाटे खडकवासला किंवा बोपदेव घाटाकडे निघणाऱ्या सायकलस्वारांच्या गटाचे नेतृत्व सहसा सर्वांत दमदार स्वाराकडे जाते. आमच्या मते, दीर्घ खंडानंतर दम पुन्हा कमावू पाहणारा अनुभवी स्वार हे काम अधिक चांगले करतो. फ्रान्समध्ये १९०४पासून रुजलेल्या ऑडॅक्स पद्धतीत गटाचा कप्तान आजही ताशी २२.५ किलोमीटरचा वेग राखतो आणि कोणाला पुढे सटकू देत नाही. तिथे नेतृत्व म्हणजे संयम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे पेडल मारताना बोलता येईल इतपत. सावरणाऱ्या शरीराला मानवणारा हा वेग नवख्यांनाही झेपतो. शिवाय ज्याला स्वतःला चढावर धाप लागते, तो शेवटचा स्वार माथ्यावर पोचताच गट हाकत नाही. त्याला श्वास घेऊ देतो, दोन घोट पाणी पिऊ देतो.

थकलेल्या नेत्याचे रस्त्यावरचे लक्ष उडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून डॉक्टरांनी मुभा दिल्यावरच जबाबदारी घ्यावी. समोरचा वारा ताकदवानांनी आळीपाळीने झेलावा, खड्ड्यांचे इशारे द्यावेत. नेत्याने मधे राहून वेग सांभाळावा, शेपटाला एक जाणता स्वार असावा. वेगवान स्वार कंटाळतील, असेही म्हटले जाते. त्यांनी वेगाचा सराव वेगळ्या दिवशी करावा. सर्वांना सोबत घेऊन परतणे हेच गटाचे यश मानायला हवे.