थव्यामागची स्वाक्षरी

२९ जानेवारी २०२२ रोजी ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये विजय चौकावर एक हजार ड्रोनची रोषणाई पाहून मी कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात परतलो, तो अभिमानानेच. हे तंत्र आयआयटी दिल्लीतून पुढे आलेल्या ‘बोटलॅब’चे होते.

मात्र रोषणाईत प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधी आखलेला असतो. युद्धात शत्रू संदेशवहन तोडतो. मग कोणी कोठे जायचे, हे थव्यातील सॉफ्टवेअरलाच ठरवावे लागते. १५ जानेवारी २०२१च्या सेनादिनी लष्कराने ७५ ड्रोनच्या थव्याचे प्रात्यक्षिक दाखवले, ते याच दिशेचे पाऊल होते.

१७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांपुढे आपलेच घोडदळ आले. शौर्य होते, समन्वय नव्हता. समन्वय आता यंत्र साधेल; प्रहाराचे उत्तरदायित्व कोण घेईल?

२०२१ची ड्रोन नियमावली सैन्यदलांना लागू नाही, हे रास्तच. पण म्हणूनच त्यांच्यासाठी स्वतंत्र संहिता हवी: प्रहाराची मुभा कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या मर्यादेत दिली, याची न पुसता येणारी नोंद राहावी. सरकारी सेवेत मी एवढे शिकलो, की ज्या निर्णयाखाली स्वाक्षरी नसते, त्याची चूक कुणाचीच नसते.