आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया: लाखांचं आमिष खोटं, पण मोडीत घालायची घाईही नको

चांदीचा भाव चढला की गावाकडच्या जुन्या पेट्या उघडतात. २०२५ मध्ये चांदी किलोला १ लाख रुपयांच्या पुढे गेली आणि वर्षानुवर्षं फडक्यात बांधून ठेवलेले राणीछाप रुपये पुन्हा चर्चेत आले. कुणाला लग्नाचा खर्च भागवायचा आहे, कुणाला खत-बियाण्याची उधारी फेडायची आहे, तर कुठे भावाभावांत वाटणीचा विषय निघाला आहे. त्याच वेळी मोबाईलवर दुसरीच हवा तापवली जाते. ‘तुमच्याकडे हे नाणं असेल तर तुम्ही लखपती!’

यात आपला माणूस दोन्हीकडून मार खातो. एक तर ऑनलाईन भामट्याच्या नादी लागून पदरचे पैसे घालवतो, नाहीतर घाईघाईत सगळी नाणी एकाच भावात मोडीत घालून मोकळा होतो. दोन्हीचं कारण एकच, हातातल्या नाण्याची खरी किंमत कशावर ठरते हे माहीत नसणं.

लाखांच्या जाहिरातीमागचं जाळं

ट्रॅक्टरचं चित्र असलेली ५ रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं, १८८५ चा एक रुपया. या वस्तू लाखो-करोडोंना विकल्या जातात अशा बातम्या आणि व्हिडिओ गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. खेळ ठरलेला असतो. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता, समोरचा लगेच भाव ‘फायनल’ करतो, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्र व्हॉट्सअॅपवर येतं. मग सुरू होते मागणी. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग टीडीएस, मग नाणं न्यायला येणाऱ्या गाडीचा खर्च. नाणं तुमच्याकडेच राहतं, पैसे मात्र जातात.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धीपत्रक काढून याबाबत सावध केलं आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकारही कुणाला दिलेला नाही, असं बँकेने त्यात स्पष्ट केलं. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या नावाने नाणं मागणारा फोन आला की तो खोटा, हे पक्कं समजा.

साधा हिशोब लक्षात ठेवा. विकणारे तुम्ही आहात, म्हणजे पैसे तुम्हाला यायचे आहेत. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो. आणि पैसे खात्यात यायला यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

जुनं म्हणजे महाग, हा गैरसमज

नाण्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते. त्यातली धातू किती, तसं नाणं किती दुर्मीळ, आणि त्याची अवस्था कशी. नुसतं वय फारसं कामाचं नाही. ज्या सालात लाखोंनी रुपये पाडले गेले, त्या सालचा झिजलेला रुपया आज बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या आसपासच जातो.

खुद्द ब्रिटनमध्येही हेच आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या झिजलेल्या तांब्याच्या पेनीला आज किरकोळ किंमत येते. पण १९३३ सालची पेनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाडली गेली, म्हणून संग्राहक तिच्यासाठी मोठी रक्कम मोजतात. आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये गादी सोडली. त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याच्या नावाची नाणी चलनात आलीच नाहीत. त्याच्या छबीची नमुन्यादाखल पाडलेली सोन्याची गिनी २०२० मध्ये १० लाख पौंडांना विकली गेली. म्हणजे मोठे सौदे होतात, नाही असं नाही. पण ते अशा मोजक्या नाण्यांचे.

आपल्याकडच्या १८६२ च्या रुपयाचंही असंच. साल पाहून लोक हरखून जातात. प्रत्यक्षात १८६२ हेच साल पुढची अनेक वर्षं नाण्यांवर तसंच ठेवलं गेलं. नंतरची नाणी कोणती हे मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून जाणकार ओळखतात. कंपनी सरकारच्या १८४० च्या रुपयाचंही तेच. म्हणून ही नाणी आजही बऱ्याच घरांत सापडतात.

तोळ्याचा घोळ समजून घ्या

आता धातूचं गणित. १८३५ पासून चाललेला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. हेच वजन म्हणजे जुना तोळा. पूर्वी रुपयाच तराजूत घालून मोजमाप होई. यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला १ लाख धरली तर एका रुपयात सुमारे १,०६९ रुपयांची चांदी होते. भाव २ लाख धरला तर हाच आकडा दुप्पट.

घोळ होतो तो इथे. आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. ‘रुपया म्हणजे तोळा’ असं म्हणत कुणी नाणं १० ग्रॅम धरलं आणि वर पुन्हा घट लावली, तर नुकसान विकणाऱ्याचं. ५० नाण्यांचं वजन ५८३ ग्रॅम भरतं, त्यात शुद्ध चांदी ५३४ ग्रॅमच्या वर. ती ५०० ग्रॅम धरली तर १ लाखाच्या भावाने घट लावायच्या आधीच तीन हजारांवर फटका. नाणी झिजलेली असतील तर वजन थोडं कमी भरेल, हे खरं. म्हणूनच नगावर सौदा करू नका. डोळ्यासमोर काट्यावर वजन करून घ्या आणि घट किती लावली ते विचारा. सगळेच सराफ फसवतात असं मुळीच नाही, पण विचारणाऱ्याला हिशोब मिळतो.

सगळे रुपये सारखेही नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही. घरच्या घरी चुंबक लावून पाहा. १९४७ चा रुपया चिकटेल, चांदीचा चिकटणार नाही. मात्र चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असं उलटं समजू नका.

मोडीत घालण्याआधी ही वेगळी काढा

पेटीतली नाणी आधी सालाप्रमाणे मांडा. पुढची दिसली तर बाजूला ठेवा.

१८३५ चा चौथ्या विल्यमचा रुपया. त्याला संग्राहकांची मागणी असते.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. यात राजाच्या झग्यावरचा हत्ती सोंड आखूड झाल्यामुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. म्हणून चांदीपेक्षा याला जास्त भाव मिळू शकतो.

१९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया. हा खरोखर दुर्मीळ. पण म्हणूनच याच्या नकलाही निघतात, जाणकाराला दाखवल्याशिवाय हुरळून जाऊ नका.

घरात सोन्याची गिनी असेल तर साल बघा. १९१८ या एकाच साली आपल्या मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटिश गिनी पाडली गेली. घोडेस्वाराच्या खाली, सालाच्या वर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर तिची खूण. नुसत्या सोन्याच्या भावात देण्याआधी ती दाखवून घ्या.

उलट, राम-सीता, हनुमान किंवा इतर देवांची चित्रं आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असा मजकूर असलेली नाणी जत्रेत, बाजारात फिरतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नव्हती. तांदूळ ओढणारं ‘राईस पुलर’ नाणं आणि ते करोडोंना घेणारी परदेशी संस्था, ही तर निव्वळ लुबाडणूक आहे. भोकाचा पैसा, पाव आणा ही नाणी आठवण म्हणून मोलाची. झिजलेली असतील तर पैशाच्या हिशोबात फारसं काही हाती लागत नाही.

चिंच आणि राख लांब ठेवा

विकायचं म्हणून नाणं चकचकीत करायला जातात, तिथेच चूक होते. चिंच, राख, टूथपेस्ट लावून घासलं की वरचा काळसर थर जातो, बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते. हारात ओवायला भोक पाडलेल्या किंवा कडी डाकलेल्या नाण्याचंही तसंच, त्याला बहुधा चांदीचाच भाव येतो. पण म्हणून आजीचा रुपयांचा हार तोडू नका. दागिना म्हणून त्याची किंमत वेगळी आहे.

नाणं कडेला धरून हाताळा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, वर साल लिहा. मुलांना बसवून हे काम करा. ‘राणी’ची ‘सम्राज्ञी’ कधी झाली, चांदी निम्मी कधी झाली, हे त्यांना पुस्तकाबाहेर कळेल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे. शाळेची सहल तिकडे नेता येईल.

शेतात सापडलं तर?

विहीर खणताना, घराचा पाया काढताना जमिनीतून नाणी निघाली, तर ती परस्पर वाटून घेता येत नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवणं गुन्हा आहे. तसंच १०० वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. ‘परदेशातलं गिऱ्हाईक आहे’ म्हणणाऱ्याला म्हणूनच दारातूनच परत पाठवा.

गरज असेल तेव्हा नाणी विकण्यात गैर काही नाही. अडीनडीला मोडता यावीत म्हणूनच आजीने ती जपली होती. पण एकदा वितळलेला रुपया परत मिळत नाही. विकण्याआधी एक संध्याकाळ काढा, सालं मांडा, वजन करा, दोन ठिकाणी भाव विचारा. पुणे-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे दाखवा. आणि वाटणीच असेल तर नाणी मोजून नाही, ओळखून वाटा. नाहीतर एकाच्या वाट्याला १९३९ चा रुपया जायचा आणि दुसऱ्याच्या वाट्याला निकेलचा, दोघांनाही पत्ता न लागता.