विजेच्या सायकलीवरून दिसणारी अर्धी पणजी

पाहुण्यांना विजेच्या सायकलीवर बसवून पणजी दाखवायची, ही टूम आता चांगलीच रुळली आहे. पुढे मार्गदर्शक, मागे हेल्मेट घातलेले सात-आठ पर्यटक. सायकलीला माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लगेच 'प्रगतीचा शत्रू' असा शिक्का बसायचा! धूर नाही, आवाज नाही. मोटर अडीचशे वॅटच्या आतली आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या खाली असेल तर नोंदणी लागत नाही. आल्तिनोचा चढ चढताना आपण पायडल मारायचे ते केवळ निमित्तापुरते, खरे काम मोटर करते. फायली वाहून कंबर धरलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला हे सुखच वाटले. माझे भांडण आहे ते सायकलीवरून जे सांगितले जाते त्याच्याशी.

इंदूरचे साडू आले होते, त्यांच्या आग्रहाखातर मीही त्या तांड्यात सामील झालो. दोन तासांत 'पोर्तुगीज' हा शब्द किती वेळा कानी पडला ते मोजायचे मी सोडून दिले. पोर्तुगीज खिडकी, पोर्तुगीज कौल, पोर्तुगीज पाव, पोर्तुगीज रंग... शेवटी साडूंनी हळूच विचारले, "अहो, मग तुमची माणसं इथं राहायला कधी आली?" बिचाऱ्यांनी ऐकले त्यावरून निघणारा हा सरळ प्रश्न होता.

आता फोंताइन्हासचेच बघा. हा वाडा 'युनेस्कोच्या यादीत आहे' असे आम्हाला ठणकावून सांगण्यात आले. साफ खोटे! 1986 साली युनेस्कोच्या यादीत गेली ती जुन्या गोव्याची चर्चेस आणि मठ. फोंताइन्हास त्यात नाही. पण ऐकायला बरे वाटते, मग तपासतो कोण? ज्याने हा वाडा वसवला तो आंतोनियो जुआंव द सिकैरा मोझांबिकमध्ये पैसा करून आलेला, म्हणून लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत. 'पोर्तुगीज' वाड्याच्या मूळपुरुषाच्या नावाला लोकांनी आपला 'कर' जोडला, ही गोष्ट कुठल्याही खिडकीपेक्षा रंजक नाही का? सेंट सेबेस्तियांवच्या कपेलातल्या क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत हे मात्र सर्वांना दाखवले. तो क्रूस मूळचा इन्क्विझिशनच्या वाड्यातला, हे एका वाक्यात उरकले. 1560 ते 1812 या काळात त्या वाड्यात काय चालले ते कॉफीच्या आधी सांगणे जड जात असावे.

आणि गैरसमज नको, यात अन्याय फक्त आम्हा हिंदूंवर होतो असे नाही. फोंताइन्हासात राहणारा ख्रिस्ती माणूस लिस्बनहून आलेला नाही. तो घरात कोंकणी बोलतो, बाजारात आमच्याबरोबर नुस्त्याच्या भावावरून घासाघीस करतो. त्याला त्याच्याच दारात परदेशी करून ठेवले आहे. 'फोटो काढू नये' अशा पाट्या तिथल्या दारांवर का लागल्या, याचा विचार टूर चालवणाऱ्यांनी करावा.

काय राहून गेले त्याची यादी लांबेल, तरी थोडे सांगतो. पणजीचे महालक्ष्मी मंदिर 1818 चे, म्हणजे पणजी राजधानी झाली त्या 1843 च्या पंचवीस वर्षे आधीचे. पोर्तुगीज अमलात, देवळे पाडण्याचा इतिहास मागे असताना, इथल्या हिंदूंनी ते उभे केले. जुन्या सचिवालयाजवळ म्हामाय कामतांचे घर आहे. त्यांच्या व्यापारी दप्तरात पोर्तुगीज आणि फ्रेंच कागदांबरोबर मोडीतले मराठी कागदही आहेत. ओरेंच्या खाडीपलीकडे पाटोवर राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ते ज्याच्या नावाने आहे त्या कृष्णदास शामाने 1526 साली मराठीत 'श्रीकृष्णचरित्रकथा' लिहिली. आल्बुकेर्कने गोवा घेतला 1510 साली. अवघ्या सोळा वर्षांत इथला माणूस मराठीत ग्रंथ रचतो आहे! आमच्या सायकली खाडीच्या अलीकडून गेल्या. पलीकडे बोट दाखवायलाही पैसे पडत नाहीत.

टूरवाले म्हणतील, गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो. गिऱ्हाइकाला जे ठाऊकच नाही ते तो मागणार कसे? मार्गदर्शकांना परवाने देणाऱ्या पर्यटन खात्याने तरी हे विचारायला हवे.

पण सगळे खापर त्या पोरसवदा मार्गदर्शकावर का फोडायचे? 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीला काय मिळाले आणि काय हुकले यावर आपण इतकी वर्षे कंठशोष करतो आहोत. सभा, ठराव, निवेदने... त्यातली काही निवेदने टेबलावरून सरकताना मी पाहिली आहेत. ती करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलांना बोट धरून ही पणजी दाखवली? दुसऱ्याने आपली गोष्ट सांगितली नाही म्हणून रुसायचे, आणि स्वतः मराठीत चार पानांची पुस्तिकाही काढायची नाही!

निदान एवढे तरी करता येईल. फोंताइन्हासला लागूनच मळा आहे, आणि वर टेकडीच्या उतारावर मारुतीचे देऊळ. तिथून खाली सगळी कौले एका नजरेत दिसतात. सायकली खाली लावून पायऱ्या चालत चढाव्या लागतील, बॅटरीचा तिथे उपयोग नाही. त्याला लागणारा वेळ कॉफीच्या अर्ध्या तासातून सहज काढता येतो.