जाहिरातीत किंमत छापावी की नाही?

गेल्या आठवड्याच्या टपालात डोंबिवलीच्या एका भगिनीचे पत्र आहे. यजमान जाऊन दोन वर्षे झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघे कुरकुरू लागलेले. फ्लॅट विकून लेकीच्या जवळपास लहानसे घर घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. कागदपत्रे त्यांच्या नावावर झाली आहेत. अडले आहे ते जाहिरातीतल्या एका ओळीपाशी. धाकटे दीर म्हणतात, ‘‘वहिनी, किंमत छापू नका. समोरच्याला आधी बोलू द्या. आपण आकडा सांगितला की संपलंच.’’ भगिनी विचारतात, हे खरे का?

दिरांचे बोलणे अगदीच टाकाऊ नाही. जो आधी बोलतो तो बांधला जातो, हे व्यवहारात मुरलेली माणसे जाणतात. पण जाहिरात वाचून फोन करणाऱ्याचा पहिला प्रश्न कोणता असतो सांगा बरे? ‘‘किती म्हणताय?’’ झाले! म्हणजे आकडा लपला तो फक्त कागदावर. तोंडाने तो सांगावाच लागतो, आणि तोही दारात दूधवाला उभा असताना नि कुकरच्या शिट्या मोजत असताना.

माझ्या मावशीने १९९८ साली सांगलीचे घर विकायला काढले, तेव्हा असेच ‘किंमत समक्ष’ छापले होते. पहिल्याला ती सहा लाख म्हणाली. दुसरा फार गोड बोलला, म्हातारी आई आहे म्हणाला, त्याला साडेपाच सांगून बसली. तिसरा निघाला दलाल. त्याच्या कानावर दोन्ही आकडे आलेले! ‘‘मावशी, परवा तर साडेपाच म्हणालात,’’ असे त्याने म्हटल्यावर ती जी गप्प झाली, ती झालीच. त्यापुढे सहाचे नाव कोणी काढले नाही.

शिवाय नुसते बघे येतात ते वेगळेच. ज्यांच्या खिशात बसणार नाही तेही येतात, कपाटे उघडून पाहतात, चहा घेऊन जातात. एकट्या बाईने किती अनोळखी माणसांना आतली खोली दाखवायची? उलट ज्याला परवडले असते, तो ‘किंमत नाही म्हणजे फार असणार’ असे समजून फोनच करत नाही. आजकाल मोबाईलवर घर शोधणारे तर आधी किंमतीची मर्यादा घालतात. त्या चाळणीत आकडा नसलेली जाहिरात मागे पडायची भीती असते. आणि ‘कागदावर किती, हातात किती’ विचारणाराही अशाच जाहिरातीवर लवकर येतो. त्याला स्पष्ट नाही म्हणा. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्यालाच, घेतली तेवढ्याच रकमेचा.

तेव्हा माझे मत विचाराल तर छापा. पण आधी आकडा नीट काढा. खरी मेहनत तिथे आहे.

शेजारीण सांगते तो भाव धरू नका. तो ऐकीव असतो. आपल्या इमारतीत किंवा लागून असलेल्या इमारतीत अलीकडे कोणते व्यवहार नोंदले गेले ते पाहा. नोंदलेल्या व्यवहाराची ‘सूची क्रमांक दोन’, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात ती, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. लेकीला किंवा भाच्याला बसवा. तिथेच रेडी रेकनरचे सरकारी दरही आहेत. ते चौरस मीटरचे आणि बिल्टअप क्षेत्राचे असतात, आपण बोलतो कार्पेटच्या चौरस फुटांत. गल्लत करू नका. एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट होतात. हा सरकारी दर म्हणजे बाजारभाव नव्हे, पण त्याच्या फार खाली गेलात तर आयकरात दुखते. सरकारी मूल्य करारातल्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त भरले, तर नफा मोजताना विक्रीची किंमत म्हणून ते सरकारी मूल्यच धरतात.

मग दोन आकडे लिहून काढा. एक छापायचा, त्यात घासाघिशीला थोडी जागा. घासाघीस केल्याशिवाय आपल्याकडे कोणाला घर घेतल्यासारखे वाटतच नाही! दुसरा आकडा ‘याखाली नाही’ असा. तो चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा, आणि कोणी कितीही गोड बोलले तरी चिठ्ठी बदलायची नाही.

पत्राच्या शेवटी भगिनींनी हळूच लिहिले आहे, ‘नातेवाइकांना रक्कम कळू नये असेही वाटते.’ मला वाटते, अडचण मुळात हीच आहे. अहो, पण इंडेक्स टू जशी तुम्हाला दिसते तशी त्यांनाही दिसते. विकल्यावर कळणारच आहे. उसने मागणाऱ्याला काय सांगायचे, ते आजच ठरवून ठेवलेले बरे.

किंमत न छापणे शोभते ते जुन्या वाड्याला, भाडेकरू असलेल्या जागेला, पुनर्विकास होऊ शकेल अशा भूखंडाला. तिथे शेजारी भाव लावायला जोडच सापडत नाही, आणि एकाला ती जागा दुसऱ्याच्या दुप्पट मोलाची असू शकते. तिथे तारीख देऊन बंद लखोट्यात प्रस्ताव मागवावेत. डोंबिवलीच्या एक बेडरूमच्या फ्लॅटला ही मिजास नको.

जाहिरात साधी ठेवा. कार्पेट क्षेत्र, कोणता मजला, ‘लिफ्ट नाही’ हेसुद्धा (तेवढेच फुकटचे जिने चढणारे कमी), तुमचा आकडा, त्यापुढे ‘किंचित कमी-जास्त’, आणि भेटीची वेळ शनिवार-रविवार ४ ते ६. फोन नंबर खुशाल दिरांचा द्या. त्यांना बोलायची हौस आहे. मात्र छापलेला आकडा त्यांच्या फोनशेजारी ठेवा, आणि चिठ्ठीचा डबा आपल्याकडेच.